सहकारकाळातील वास्तू आणि त्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात : सांगलीच्या मध्यवस्तीतील कामाची पद्धत

सांगलीच्या मध्यवस्तीत एखाद्या जुन्या संस्थेच्या इमारतीचे नूतनीकरण ठरले की कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी दर्शनी बाजूची सिमेंटची जाळी फोडून तिथे काच बसते, मग आतल्या शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल चढते, पायऱ्यांचा कोबा ग्रॅनाइटखाली जातो आणि शेवटी, रंगकाम चालू असताना, कुणाच्याही लक्षात न येता कोनशिला बुजते. ही इमारत कधी बांधली, कुणी बांधली आणि कुणाच्या पैशातून बांधली, हे सांगणारी शेवटची खूण त्या दिवशी संपते. कृष्णाकाठच्या गणपती मंदिराला आणि १९२९ सालच्या आयर्विन पुलाला प्रेमाने पाहणारे, त्यांची छायाचित्रे घेणारे आणि त्यांच्याविषयी लिहिणारे लोक आहेत. मात्र स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत उभ्या राहिलेल्या कचेऱ्या, गोदामे, मंडया, एसटीची स्थानके, विकास सोसायट्या आणि सहकारी बँकांच्या शाखा यांना कुणी वारसा म्हणत नाही, आणि म्हणूनच त्या सर्वांत लवकर पुसल्या जातात. या वास्तूंची आणि त्यांच्याभोवतीच्या आठवणींची नोंद हौशी माणसालाही नीट करता येते. ती कशी करावी, हे मी गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून येथे मांडत आहे.

कोणता काळ धरायचा, हे प्रथम पक्के करावे. सांगली संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. जानेवारी १९५५ मध्ये आवडी येथील काँग्रेस अधिवेशनाने समाजवादी धाटणीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९५६ पासून दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, सहकारी संस्थांचा राज्याचा कायदा १९६० सालचा आहे आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. या घटनांच्या मागोमाग आपल्या शहरात जे बांधकाम झाले, ते साधारण १९८० च्या दशकापर्यंत एका सलग काळाचे म्हणून पाहता येते. मी त्याला सहकारकाळ म्हणतो. कुणी नियोजनाचा काळ म्हणेल. नावाने फारसे बिघडत नाही. मात्र आपल्या वहीच्या पहिल्या पानावर आपण धरलेला काळ आणि त्याचे कारण लिहून ठेवावे, कारण पुढे नोंदी वाढल्या की कोणती इमारत घ्यावी आणि कोणती सोडावी याचा वाद आपलाच आपल्याशी सुरू होतो.

येथे एका फरकाकडे लक्ष द्यायला हवे, कारण आपल्या कामाची दिशा त्यावर ठरते. पूर्व युरोपातील समाजवादी राजवटींच्या काळातील वास्तूंविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. पूर्व बर्लिनमध्ये १९७६ साली उघडलेला ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’ हा संसदेचे सभागृह आणि करमणूक केंद्र अशा दुहेरी उपयोगाचा प्रासाद २००६ ते २००८ या काळात पाडला गेला आणि त्या जागी जुन्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतींची नक्कल असलेली नवी इमारत उभी राहिली. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील स्कोपिये हे शहर २६ जुलै १९६३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले, जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या आराखड्यानुसार त्याच्या मध्यभागाची पुनर्रचना झाली आणि अर्ध्या शतकाने त्याच शहरातील अनेक काँक्रीटच्या इमारतींवर अभिजात शैलीचे खांब आणि कमानी चढवण्यात आल्या. तिथल्या वादात ‘राज्याने बांधले, आता राज्याची इच्छा बदलली’ असा एक सरळ धागा सापडतो. आपल्याकडे तो धागा इतका सरळ नाही. सांगलीतील पुष्कळशा संस्थांच्या इमारती शासनाच्या भागभांडवलाइतक्याच सभासदांच्या शेअरमधून, उसाच्या बिलातून कापलेल्या परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवींमधून, अडतीवरच्या कपातीमधून उभ्या राहिल्या आहेत. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात त्या इमारतीची पायरी दोनदाच चढली असेल, त्याचेही पैसे त्या भिंतीत आहेत. म्हणून नोंद करताना ‘वास्तुविशारद कोण’ या प्रश्नाच्या आधी ‘पैसा कुणाचा’ हा प्रश्न विचारावा.

परिसर लहान ठेवावा. पहिल्याच उत्साहात सगळे शहर हाती घेतलेले उपक्रम मी तिसऱ्या आठवड्यात बंद पडलेले पाहिले आहेत. एका माणसाने किंवा तिघा-चौघांच्या गटाने मारुती चौक ते टिळक चौक, किंवा हरभट रोड आणि राजवाडा चौकाचा परिसर, किंवा एकटी गणपती पेठ एवढेच क्षेत्र घ्यावे आणि त्यातील पंधरा ते वीस इमारतींपुढे जाऊ नये. पहिल्या फेरीत वही आणि डोळे यांखेरीज काही नेऊ नये. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीची वेळ यासाठी उत्तम, कारण शटर बंद असतात, फलकांखालचा मूळ मजला दिसतो आणि रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून वर पाहता येते. वर पाहणे फार महत्त्वाचे आहे. तळमजला दर दहा वर्षांनी बदलतो. पहिल्या मजल्याचा छज्जा, खिडक्यांवरची सिमेंटची आडवी पट्टी, गच्चीच्या कठड्यातील जाळी आणि भिंतीवर सिमेंटमध्येच उठवलेली संस्थेच्या नावाची अक्षरे बहुधा तशीच असतात.

दुसरी फेरी कागदांची. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी, कारण तीत जागा पूर्वी कुणाची होती आणि संस्थेकडे केव्हा आली हे कळते. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्याकडे नकाशे असू शकतात. ते मागताना माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या दिवशी टाकू नये, आधी समक्ष जाऊन साध्या अर्जाने विचारावे. माझा अनुभव असा, की अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्याला आपण काय शोधत आहोत हे कळले आणि पटले, तर तो स्वतः गठ्ठे सोडून दाखवतो. सर्वांत मोलाचा कागद मात्र सरकारी नसतो. संस्थेचा वार्षिक अहवाल आणि रौप्यमहोत्सवी किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका यांत इमारत निधीचा हिशेब, पायाभरणीचे छायाचित्र, ठेकेदाराचे नाव आणि पुष्कळदा त्या वेळच्या संचालकांचे एकमेकांशी झालेले मतभेदही सापडतात. हे अहवाल संस्थेत नसतील तर जुन्या सभासदांच्या घरी, लग्नपत्रिका आणि पासबुकांच्या पेटीत, असतात. जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर अवश्य वाचावे, पण इमारतींच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित आहे.

कोनशिला कशी वाचावी

या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते कोनशिलांनी. कोनशिलेवर तारीख स्पष्ट असेल तर प्रश्नच नाही. पण अनेकदा तारखेचा भाग फुटलेला असतो, किंवा वर ऑइलपेंटचे चार-पाच थर असतात. अशा वेळी खडू घासणे, तेल लावणे, आम्लाने धुणे किंवा टोकदार हत्याराने रंग खरवडणे यांपैकी काहीही करू नये. त्याने अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर एक साधी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, शिळेच्या एका बाजूने आडवा झोत टाकावा. कोरलेल्या अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि रंगाखालचा मजकूर उठून दिसू लागतो. मग बॅटरी दुसऱ्या बाजूला नेऊन, नंतर वरून आणि खालून, अशी चार छायाचित्रे घ्यावीत, कारण उभ्या रेघा एका झोतात दिसतात आणि आडव्या दुसऱ्या. मध्यवस्तीतल्या एका बंद कचेरीच्या ओट्यावर मी अशीच एक शिळा तासभर पाहत बसलो होतो. दिवसा ती नुसती हिरव्या रंगाची गुळगुळीत पाटी दिसायची. डावीकडून झोत टाकल्यावर आधी ‘यांचे हस्तें’ ही अक्षरे दिसली, मग वरच्या ओळीत ‘मुंबई राज्य’ आणि तळाशी, अगदी कोपऱ्यात, गवंड्याने लहान आकारात खोदलेले एक आडनाव. ते आडनाव कुठल्याच कागदात मला नंतर सापडले नाही. ते फक्त तिथेच होते.

तारीख नसली तरी शिळेवरचे शब्द काळ सांगतात, आणि ही रीत एकदा हाताशी आली की सुटत नाही. ‘दक्षिण सातारा’ असे असेल तर इमारत १९४९ ते १९६० मधली. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीची. ‘जिल्हा लोकल बोर्ड’ असेल तर जिल्हा परिषद येण्यापूर्वीची, म्हणजे १९६२ च्या आधीची. ‘सांगली नगरपालिका’ असेल तर १९९८ च्या आधीची, कारण त्या वर्षी सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका झाली. मुख्यमंत्र्यांचे नाव असेल तर आणखी जवळ जाता येते. यशवंतराव चव्हाण यांचे नाव नोव्हेंबर १९५६ ते नोव्हेंबर १९६२ या काळात सापडेल, पण त्यापुढे ‘मुंबई राज्य’ आहे की ‘महाराष्ट्र राज्य’ यावरून तोच काळ दोन भागांत विभागता येतो. वसंतराव नाईक यांचे नाव डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या दीर्घ काळाचे आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री म्हणून आले असतील तर १९७७-७८ किंवा १९८३ ते १९८५. वसंतदादांचे नाव या शहरात मुख्यमंत्री नसतानाही पुष्कळ शिळांवर आहे, म्हणून नावापुढचे पद वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

शक संवताची नोंद असेल तर जरा थांबून पाहावे. केंद्र सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली आणि त्यानंतरच्या शासकीय कोनशिलांवर ‘१२ माघ १८८५’ अशा धर्तीच्या तारखा येऊ लागल्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून २१ मार्चपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून माघ १८८५ म्हणजे १९६४ ची सुरुवात. जर ‘शुद्ध’ किंवा ‘वद्य’ आणि तिथी दिली असेल तर तो पंचांगातील शक आहे, सौर दिनदर्शिकेतील नव्हे, आणि त्यावरून इमारत १९५७ नंतरची आहे असे म्हणता येत नाही. शुद्धलेखनही साक्ष देते. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा ‘कांहीं’, ‘येथें’, ‘हस्तें’ अशी रूपे जुन्या वळणाची; मात्र खोदणारा कारागीर जुना असेल तर ही रूपे नंतरही काही वर्षे येत राहतात, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी मानू नये. देणगीदारांच्या फळीवर ‘नवे पैसे’ लिहिलेले असतील तर १९५७ ते १९६४, आणि पत्त्यात ४१६४१६ हा पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा फलक, असेही धरता येते. फलक आणि इमारत यांचे वय एकच असते असे नाही, हे प्रत्येक वेळी वहीत वेगळे लिहावे.

भिंत, फरशी आणि उंबरठा

इमारतीचे वर्णन करताना ‘साधी, चौकोनी, कंटाळवाणी’ हे शब्द वापरण्याचा मोह टाळावा. हा साधेपणा बऱ्याच अंशी सिमेंट आणि लोखंडाच्या टंचाईतून आलेला आहे. सिमेंट अनेक वर्षे परवान्यावर मिळत होते. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्णपणे. म्हणून त्या काळच्या इमारतींत काळ्या दगडाच्या जाड भारवाही भिंती, जिथे टाळता येणार नाही तिथेच स्लॅब, उरलेल्या जागी मंगलोरी कौले किंवा पत्रा, खिडकीऐवजी हवा आणि उजेड देणारी सिमेंटची जाळी अशी रचना दिसते. दगडाच्या दरजा भरताना सिमेंट कुठे वापरले आणि चुना कुठे, हे जवळून पाहावे. एकाच भिंतीत दोन्ही सापडले तर काम मध्येच थांबून पुन्हा सुरू झाले असण्याची शक्यता असते आणि त्याचे उत्तर बहुधा संस्थेच्या इतिवृत्तात मिळते. नकाशावरची मापे फूट-इंचांत आहेत की मीटरमध्ये, हेही नोंदवावे, कारण मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली.

मोजमापासाठी तीस मीटरची टेप, एक मीटरची रंगवलेली काठी आणि आलेखाचा कागद पुरेसा आहे. प्रत्येक छायाचित्रात ती काठी ठेवावी. पण मोजायचे काय, हे ठरवताना लोकांच्या वावराच्या जागांना अग्रक्रम द्यावा : काउंटरची उंची, पैसे देण्याच्या खिडकीचे भोक, ओट्याची रुंदी, जिन्याच्या पायरीवर पावलांनी पडलेला खळगा, रांगेसाठी लावलेले लोखंडी पाइप, सूचना फलकाची काच, पाण्याच्या रांजणाची जागा. दर्शनी भागाचे सुंदर रेखाचित्र पुढे कुणीही काढेल. झिजलेली पायरी बदलली की तो खळगा पुन्हा कुणालाच मोजता येणार नाही.

पुराच्या खुणा या शहरात स्वतंत्रपणे मोजाव्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तर तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांनीही मध्यवस्तीत पाणी आणले. अनेक भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ आहे, काही ठिकाणी कुणी रंगाने वर्ष लिहून ठेवले आहे. जमिनीपासून त्या रेघेची उंची, ती कोणत्या वर्षाची आहे आणि हे कुणी सांगितले, अशा तीन गोष्टी लिहाव्यात. हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे पुराच्या पाण्याने कशी निकामी झाली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गोदामांच्या इमारतींचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेवाकडून गोदामाकडे, गोदामाकडून शीतगृहाकडे झालेला हा प्रवास हळदीच्या पेठेच्या आठवणींचा कणा आहे आणि त्यावर प्रश्न विचारले की जुने हमाल आणि अडते मोकळेपणाने बोलू लागतात.

माणसांशी कसे बोलावे

आठवणी शक्यतो घरात बसून घेऊ नयेत. माणसाला त्या इमारतीत, त्या ओट्यावर, त्या खिडकीसमोर नेऊन बोलावे. हा एकच सल्ला द्यायचा असेल तर मी हाच देईन. वाळवा तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याला मी एका जुन्या शाखेत घेऊन गेलो होतो. घरी त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितले होते, की बिल घ्यायला यायचो, घेऊन जायचो. काउंटरपाशी पोहोचताच त्यांनी काही न बोलता कंबरेत वाकून कोपर लाकडावर टेकले, आणि ते नेमके तिथेच टेकले जिथे लाकडाचे पॉलिश जाऊन वाटीएवढा खड्डा पडला होता. मग म्हणाले, “हितं वाकूनच बोलाय लागायचं. जाळीचं भोक खाली, आन् सायबाची खुर्ची वर.” मी आत जाऊन मोजले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या बाजूची जमीन सभासदांच्या बाजूपेक्षा सहा इंच उंच होती. ती इमारत सभासदांची होती, त्यांच्या कपातीतून बांधलेली होती, आणि त्यांनाच तिथे वाकावे लागत होते. या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत यायला हव्यात. नकाशावर सहा इंचांची ती पायरी एक बारीक रेघ होती. तिचा अर्थ मला त्या कोपराने सांगितला.

प्रश्न विचारताना ‘तो काळ कसा होता’ असे विचारू नये, कारण त्यावर ‘चांगला होता’ किंवा ‘आता काही राहिले नाही’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी वस्तू आणि हालचाल विचारावी. पहिल्यांदा आलात तेव्हा कुणाबरोबर आलात, चपला कुठे काढल्या, रांग कुठपर्यंत जायची, शिपाई कुठे बसायचा, नंबर कसा पुकारायचे, जेवणाची भाकरी कुठे सोडली, मुक्काम पडला तर झोपलात कुठे. शेअरचा दाखला, पासबुक, सौद्याची पट्टी, काटापावती असे काही घरी असेल तर आणायला सांगावे आणि बोलताना ते हातात राहू द्यावे. वर्ष आठवत नसेल तर खुणेच्या घटना द्याव्यात : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, सुकडी आणि मिलो खाल्लेला १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, २००५ चा पूर. ‘भूकंपाच्या आधी हा मजला होता का’ या प्रश्नाला लगेच उत्तर मिळते. ‘१९६६ साली होता का’ याला मिळत नाही.

संबोधनाकडे लक्ष द्यावे. पेठेतल्या हमालाला ‘मामा’ किंवा ‘तात्या’, खेड्यातून येणाऱ्या वयस्क बाईंना ‘आक्का’ किंवा ‘मावशी’ अशी जी हाक तिथे चालते तीच वापरावी; ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हटले की समोरचा माणूस मुलाखत देऊ लागतो आणि बोलणे संपते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी ते कशासाठी आहे, कुणाला ऐकवले जाईल, नाव द्यायचे की नाही, हे विचारून संमती मुद्रणातच घ्यावी. मध्येच थांबवून मागे फिरण्याचा त्यांचा हक्क त्यांना स्पष्टपणे सांगावा. बोली जशी आहे तशी उतरवावी. प्रमाण मराठीत बसवलेली आठवण वाचायला नीट वाटते, पण तिच्यातला माणूस जातो.

स्त्रियांना वेगळे भेटावे लागते. संस्थांच्या इमारतींत सभासद म्हणून पुरुषांची नावे असतात, त्यामुळे शोध तिथे सुरू केला तर स्त्रिया सापडतच नाहीत. दूध घालायला येणाऱ्या, हळद निवडायला गोदामात बसणाऱ्या, मंडईत गाळा नसताना ओट्याच्या कडेला टोपली मांडणाऱ्या, एसटी स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहत रात्र काढलेल्या बायका यांना इमारतीचा जो भाग आठवतो तो नकाशात बहुधा मागच्या बाजूला असतो. एका बाईंनी मला मंडईच्या परिसरातील एका इमारतीविषयी फक्त एवढेच सांगितले, की तिथे बायकांसाठी मोरी नव्हती, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नसत. त्या इमारतीचा गौरव करणारी जी स्मरणिका मी वाचली होती, तिच्यात या गोष्टीला जागा नव्हती. माझ्या नोंदीत ती पहिल्या पानावर आहे.

आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा

त्या जुळत नाहीतच. एक जण सांगतो की सभागृह श्रमदानातून उभे राहिले, दुसरा म्हणतो की ठेकेदाराने बांधले आणि श्रमदानाचे फक्त छायाचित्र काढले. एकाला ती जागा म्हणजे कर्जाच्या जाचातून सुटका झाली ते ठिकाण, तर दुसऱ्याला जप्तीची नोटीस आली ते ठिकाण. संस्था अवसायनात गेली असेल, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकायला काढली असेल, आणि लोकांच्या ठेवी अडकल्या असतील, तर इमारतीचे नाव काढताच समोरच्या माणसाचा आवाज बदलतो. अशा वेळी आपण न्यायाधीश होऊ नये. दोन्ही कथने, कुणी, केव्हा आणि कोणत्या नात्याने सांगितली ते लिहून, शेजारी-शेजारी ठेवावीत, आणि कागदाचा पुरावा एखाद्या बाजूला असेल तर तो तिसऱ्या स्तंभात द्यावा. कागद खरा आणि आठवण खोटी, असेही गृहीत धरू नये, कारण इतिवृत्त लिहिणारा माणूसही कुणाच्या तरी बाजूचा होता. आपल्याला जे आवडते ते कथन मोठ्या अक्षरांत आणि दुसरे तळटीपेत, ही सर्वांत सामान्य चूक आहे. मी ती केलेली आहे आणि एका संपूर्ण नोंदवहीची मांडणी त्यासाठी पुन्हा केलेली आहे.

गौरवाचा सूर आपोआप येतो, तो ओळखावा. सहकाराने या जिल्ह्यातील कोरडवाहू आणि बागायती अशा दोन्ही भागांतील लोकांना जे दिले ते फार मोठे आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण जे शेअर घेऊ शकले नाहीत, ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, ज्यांना ओट्यापर्यंतच येऊ दिले जात होते, त्यांच्याही आठवणी याच भिंतींना चिकटलेल्या आहेत. त्या मिळवण्यासाठी दोन-तीनदा जावे लागते आणि पहिल्या भेटीत वही उघडू नये.

नोंद कुठे आणि कशी ठेवावी

हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक इमारतीला एक क्रमांक द्यावा आणि छायाचित्र, मोजमाप, शिळेचा मजकूर आणि ध्वनिमुद्रण या सर्वांवर तोच क्रमांक घालावा. फाइलच्या नावात तारीख असावी. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातील एक तरी पुराच्या रेषेच्या वर, शक्य तर विश्रामबागेकडे किंवा दुसऱ्या गावी ठेवावी. २०१९ च्या पुरात मध्यवस्तीतील वाचनालयाचे ग्रंथ मोठ्या संख्येने भिजले, हे या शहराने पाहिले आहे. आपल्या नोंदी तळमजल्याच्या कपाटात ठेवणे हा शहाणपणा नव्हे. माझ्याकडून एकदा तीन मुलाखतींची एकमेव प्रत मोबाइलमध्येच राहिली आणि मोबाइल बिघडला. त्या तिघांपैकी दोघे आज हयात नाहीत.

छापील प्रत मात्र जरूर करावी, आणि ती सर्वप्रथम ज्यांनी सांगितले त्यांच्या हाती द्यावी. त्यांच्या बोलण्याचा उतारा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, छायाचित्रे मोठ्या आकारात काढून न्यावीत आणि सोबत पेन्सिल न्यावी. मंडईजवळच्या त्या बाईंकडे मी अशी प्रत घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा लावून छायाचित्र बराच वेळ पाहिले, मागच्या बाजूच्या भिंतीवर बोट ठेवले आणि सांगितले की मी ज्याला गोदामाचे दार म्हणून लिहिले आहे ते दार नव्हते, तिथे टोपल्या ठेवायची फळी होती आणि भिंत नंतर फोडली. पेन्सिलने त्यांनी त्या जागी एक आडवी रेघ मारून दिली. नोंद क्रमांक नऊमध्ये ती दुरुस्ती, त्यांच्या रेघेसह आणि त्या दिवसाच्या तारखेसह, लावलेली आहे.